शेजारचा नमुना

कांचनच्या माडीवर, फरशीवर सगळं मांडून आम्ही मोजत होतो. पाठीवरच्या सॅक दोन. तिसरी सॅक नव्हती, कॉलेजचं दप्तर होतं. स्लीपिंग बॅग एक, तिची चेन अर्ध्यात अडकायची. रेनकोट तीन. लोकरी कानटोप्या चार, म्हणजे माणसांपेक्षा एक जास्त, पण त्यातली एक कांचनच्या भाच्याची होती आणि तो अडीच वर्षांचा होता. हातमोज्यांचे दोन जोड आणि एक सुटा मोजा, डाव्या हाताचा. बूट अडीच जोड. अनुपच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता आणि तो शिवायला टाकलेला होता. बाहेर चंद्रपूरचा एप्रिल होता. पंखा वरची गरम हवा खाली ढकलत होता, आणि त्या हवेत कांचन कानटोपी घालून बसली होती.

"काढ ना ते," मी म्हणाले. "बघूनच घाम फुटून राहिला."

"सवय करून राहिली मी. तुम्ही दोघं तिकडे बर्फात बधिर व्हाल, तेव्हा मीच तुम्हाला चहा करून पाजीन."

"कानटोपी उन्हात घालून बर्फाची सवय होते?" अनुपने विचारलं. "हे बॉटनीत शिकवतात का?"

"तू गप बस बे, अर्ध्या बुटाच्या."

आम्ही तिघांनी एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा नुकतीच दिली होती. अनुप आणि मी बायोकेमिस्ट्रीचे, कांचन वनस्पतिशास्त्राची. मे महिन्यात एका संस्थेचा हिमाचलमध्ये स्वस्तातला कॅम्प होता. तंबू त्यांचे, जेवण त्यांचं, आणि शेवटच्या टप्प्यात चौदा हजार फुटांवरची एक खिंड. वर्षभर शिकवण्या करून साठवलेल्या पैशांत तो बसत होता, मात्र सामान मागूनच आणावं लागणार होतं. आमच्यापैकी कोणीही फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला नव्हता.

आईने मला परवानगी दिली ती एक प्रश्न विचारून. "कांचन आहे ना सोबत?" आहे, असं मी म्हणाले. आणखी कोण आहे हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं तर हिमाचल नसता आणि अनुपने नागपूरच्या फुटाळा तलावाला तीन फेऱ्या मारायच्या म्हटल्या असत्या, तरी मी सॅक भरली असती.

"डॉक्टरची सही कोणाची राहिली?" कांचनने विचारलं. कॅम्पला तब्येतीचा दाखला लागत होता.

"माझी," अनुप म्हणाला.

"काऊन? अजून गेलाच नाही?"

"गेलो होतो. ते सही करत नाहीत म्हणाले." तो सुटा हातमोजा उलटा करून बघत होता. "माझ्याकडे पिवळं कार्ड आहे."

कांचनला ते कळलं नाही. मला कळलं, पण पुस्तकातल्यासारखं. आमच्या भागात आश्रमशाळेतल्या पोरांची सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी व्हायची आणि तिचं कार्ड मिळायचं; माझ्या शाळेत ती कधी झाली नव्हती. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे वाहक, आईबापांपैकी एकाकडून आलेलं अर्धं. मी याच विषयावर सेमिनार दिला होता. अनुप पहिल्या बाकावर बसला होता आणि त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"म्हणजे तू आजारी आहेस?" कांचनने कानटोपी काढली.

"आजारी कुठं? कॉलेजच्या पाच किलोमीटरमध्ये तुझ्या पुढं कोण होतं? एरवी काहीच होत नाही मला. पण दहा हजार फुटांच्या वर हवा विरळ. त्यात चढ, त्यात पाणी कमी प्यायलं गेलं, की काही पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. मग त्या पोटात डाव्या बाजूला, प्लीहेत अडकतात. सगळ्यांनाच होतं असं नाही. डॉक्टर म्हणाले, होणारच नाही असं मी लिहून देणार नाही."

"मग सांगतो कायले? दुसऱ्या डॉक्टरकडं जा. सर्दी-खोकला सांग, सही आण."

"आणि वर पोट धरून बसलो तर? तू पाठीवर घेऊन उतरशील?"

"तुझ्यासाठी खेचर करू."

"खेचराचे वेगळे पैसे आहेत. पत्रकात लिहिलंय."

आम्ही हसलो. मग अनुप भिंतीला टेकून बसला आणि सांगायला लागला. कार्डं वाटली तेव्हा तो आश्रमशाळेत चौथीत होता. पिवळं आलेल्यांना बाकीची पोरं म्हणायची, याला हळद लागली. पुढे आठवीत एक ताई समजावून सांगायला आल्या. पिवळ्याने पिवळीशी लग्न करू नये, होणाऱ्या मुलाला लाल येण्याचा धोका असतो. पिवळ्याला पांढरी चालते.

"म्हणजे बघा, आधी हळद लागली आणि मग लग्नाच्या अटी आल्या," तो म्हणाला. "उलटं झालं सगळं."

कांचन पुन्हा हसली. मला जरा उशिराने हसू आलं.

"पण एक गोष्ट आहे," तो म्हणाला आणि आता तो माझ्याकडे बघत होता. "आमच्या वर्गात अनुप कोडापे दोन होते. एक मी, एक सिरोंच्याकडचा. कार्डावर वडिलांचं नाव नव्हतं. सरांनी हाक मारली, अनुप कोडापे. मी जवळ बसलो होतो, म्हणून मी उठलो. ते पिवळं निघालं. दुसरं पांढरं होतं, ते त्याला गेलं."

"आणि इतकी वर्षं तू पुन्हा तपासलं नाहीस?" मी विचारलं.

"गरज काय होती? इथं कुठं चौदा हजार फूट आहेत?" त्याने मोजा खाली ठेवला. "तसं तुम्ही दोघी जाऊन या. मी मोठ्या महादेवाला जातो, पचमढीला. स्वस्त आहे, उंची बेताची आहे, आणि कोणी दाखला मागत नाही."

"मोठ्या महादेवाला?" कांचन ओरडलीच. "तिथं माझी आजी गेली होती, अनवाणी, दोन्ही गुडघे गेल्यावर! त्याले ट्रेक म्हणतात का, भैताडा?"

"आपण तुझ्या रक्ताचा नमुना चालवू," मी म्हणाले. "डिपार्टमेंटला. उद्याच."

ढवस सर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेले होते. प्रयोगशाळेची किल्ली देताना त्यांनी मान वर केली नाही. "नुसता त्याचाच चालवू नका," ते म्हणाले. "शेजारी नॉर्मल लागेल. त्याशिवाय कोण पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं ते कशावरून ठरवाल?"

"माझं घेते, सर," मी म्हणाले.

त्यासाठी मला विचार करावा लागला नाही. द्रावण करायला नळाचं पाणी न घेता डिस्टिल्ड घ्यावं, तितकं ते सरळ होतं.

सुट्टीमुळे प्रयोगशाळा बंद होती आणि आत शिळ्या रसायनांचा वास कोंडला होता. मी अनुपच्या बोटाला सुई टोचली, मग माझ्या. थेंब वेगवेगळ्या नळ्यांत घेतले, रक्तपेशी धुतल्या, फोडल्या, आणि तो लाल अर्क एका पांढऱ्या पट्टीवर दोन जागी लावला. पट्टीच्या कडेला पेन्सिलीने एक आणि दोन लिहिलं. मग पट्टी द्रावणात ठेवून वीज सुरू केली. प्रयोग साधा आहे. विजेच्या ओढीने हिमोग्लोबिन पट्टीवरून सरकतं. नेहमीचं असतं ते भराभर पुढे जातं. त्याला ए म्हणतात. सिकलसेलचं एस, ते मागे रेंगाळतं. निरोगी माणसाची एकच रेघ उमटते. वाहकाच्या दोन, पुढची ठळक आणि मागची थोडी फिकट.

वाट बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. अनुप उंच स्टुलावर बसून पाय हलवत होता. शिवून आलेला बूट त्याने आज घातला होता.

"एक रेघ आली तर?" त्याने विचारलं.

"तर चौदा हजार फूट."

"आणि त्या दुसऱ्या अनुपचं काय?"

मी हा विचार केला नव्हता. "तो कुठं असतो आता?"

"पोलिसात लागला. भरतीत पहिल्या दहात पळाला होता. त्याच्याकडं पांढरं कार्ड आहे, त्यावर त्याचं लग्नही झालंय." त्याने पाय हलवणं थांबवलं. "माझी एक रेघ आली तर मला जाऊन त्याला सांगावं लागेल. रात्रभर तेच डोक्यात होतं. माझं चांगलं निघावं असं वाटतं, आणि लगेच त्याचं तोंड समोर येतं."

यंत्राची घरघर चालू होती. मी द्रावणाची पातळी बघितली. ती ठीक होती, तरी पुन्हा बघितली.

"मृणाल, एक रेघ आली तर तुला एक विचारायचं आहे."

"दोन आल्या तर?"

"दोन आल्या तरी विचारीन म्हणा. तेव्हाही विचारता येतं. पण मग आधी सगळं नीट समजावून सांगावं लागेल."

"मी त्यावर सेमिनार दिला होता."

"हाव ना. ऐकला मी," तो म्हणाला. "मुलांना किती टक्के धोका, ते फळ्यावर चौकोन काढून दाखवलं होतंस. पिवळा आणि पांढरी, आजार शून्य टक्के. तो चौकोन मी वहीत उतरवून घेतला."

माझे कान गरम झाले. मी वीज बंद केली, चिमट्याने पट्टी उचलली आणि रंगात बुडवली. तेवढ्यात ढवस सर आले, शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग घेऊन. त्यांना उत्सुकता होतीच. त्यांनी माझ्या हातातून चिमटा घेतला, पट्टी जास्तीच्या रंगातून धुऊन काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पेन्सिलीने लिहिलेली कड चिमट्याखाली गेली होती.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सहज विचारलं,

"यातला अनुप कुठला?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. दोन जागा होत्या. दोन्हीकडे दोन-दोन रेघा. पुढच्या ठळक, मागच्या थोड्या फिकट. पुढच्या दोन एका ओळीत, मागच्या दोन एका ओळीत, फूटपट्टी धरून आखल्यासारख्या.

"एकाच नळीतलं दोनदा लावलंस," सर म्हणाले. "घाईत होतं असं. पुन्हा कर."

मी घाई केली नव्हती. तरी मला ते ऐकून बरं वाटलं. नव्या सुया घेतल्या, नव्या नळ्या घेतल्या, त्यांच्यावर नावं पूर्ण लिहिली. सरांनी स्वतःचं बोट पुढे केलं. "दरवर्षी प्रॅक्टिकलला नॉर्मल म्हणून माझंच असतं. माझी रेघ मला तोंडपाठ आहे." याच वेळी कांचन पिशवीत उसाचा रस घेऊन आली. आम्ही तिला सांगितलं ते तिने उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"तूही दे एक थेंब," मी म्हणाले. "चौथी जागा रिकामी आहे."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही देत."

"काऊन? दुखत नाही."

"दुखण्याचं कोण म्हणून राहिलं?" ती म्हणाली. "मला जायचं आहे ना तिकडं. जाऊन आल्यावर घे पाहिजे तर बाटलीभर."

तिला कोणी आग्रह केला नाही. रस आम्ही बीकरमधून प्यायलो, ते नियमात बसत नव्हतं, पण सरही काही बोलले नाहीत.

दुसरी पट्टी मी स्वतः उजेडात धरली, आणि या वेळी कड मोकळी ठेवली. पहिली जागा सरांची, एक रेघ. दुसरी अनुपची, दोन. तिसरी माझी, दोन.

"घाबरण्यासारखं काही नाही," सर म्हणाले. ते पहिल्यांदाच मला उद्देशून इतक्या हळू बोलत होते. "वाहक म्हणजे आजारी नव्हे. तू जशी काल होतीस तशीच आज आहेस. मात्र ती खिंड तुलाही नको. आणि हे आपल्या पट्टीवर सोडायचं नाही. दोघांचं रक्त नागपूरला पाठवू, तिथलं यंत्र टक्केवारी देतं. एस पस्तीस-चाळीसच्या घरात आलं की वाहक, पक्कं."

अनुप नळाखाली नळ्या धूत होता. त्याची आशा संपली होती, सिरोंच्याच्या अनुपचं पांढरं कार्ड पांढरंच राहिलं होतं, आणि तो आधीच धुतलेली नळी पुन्हा धूत होता.

"तुलाही हळद लागली," तो म्हणाला. पण हसला नाही.

त्याला जे विचारायचं होतं, ते त्याने विचारलं नाही. विचार, असं मीही म्हणाले नाही.

घरी आई गच्चीवर कुरड्या घालत होती. बाबा खाणीत दुसऱ्या पाळीला गेलेले. ऊन कलतं होतं आणि प्लॅस्टिकवर पांढऱ्या कुरड्यांच्या तीन रांगा वाळत होत्या. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सांगून टाकलं. आधी सिकलसेल म्हणजे काय ते, मग पट्टीचं.

सोऱ्या फिरवणारा तिचा हात थांबला. अर्धी कुरडई लोंबत राहिली.

"आपल्यात नाही ते," ती म्हणाली.

"आई, मी दोनदा बघितलं."

"त्यांच्यात राहते ते. जंगलाकडच्या लोकांत. आपल्या सात पिढ्यांत कोणाले नाही."

"सात पिढ्यांत कोणी तपासलंय?"

ती माझ्या बोटाकडे बघत होती. टोचल्याचा ठिपका अजून दिसत होता. "कोणाचं होतं दुसरं?"

"माझ्या वर्गातला आहे, अनुप कोडापे."

"त्याच्या रक्ताशेजारी कायले ठेवलं तू तुझं?"

"शेजारी ठेवल्याने लागत नसते ते, आई. ते आईबापाकडून येते. एक तर तुझ्याकडून, नाही तर बाबांकडून."

लोंबणारी कुरडई तुटून खाली पडली. आईने ती उचलली नाही. खाली रस्त्यावरून बर्फाच्या गोळ्याची गाडी घंटी वाजवत गेली.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुझं पाहायचं आहे."

"ज्याच्याशी पाहशील त्याचं तपासावं लागेल. एवढंच. त्याचं पांढरं असलं की झालं."

"आणि ह्या पोराचं पिवळं."

मी बोटावरचा ठिपका अंगठ्याने झाकला.

"हे बर्फाबिर्फाचं सगळं ह्याच्याचसाठी चाललं होतं का वं?"

मी पडलेली कुरडई उचलून पातेल्यात टाकली. आईने सोऱ्यात पुन्हा पीठ भरलं, दाबलं, आणि एक रांग पूर्ण केली. तिच्या कुरड्या नेहमी सारख्या मापाच्या होतात. त्या दिवशी शेवटची रांग वेडीवाकडी झाली.

"हिमाचल बंद," ती म्हणाली.

"ते झालंच बंद."

"मोठ्या महादेवाले जाऊ. मी येते." तिने पदराने कपाळ पुसलं. "कोणाकडून आलं ते त्यालेच विचारते. आणि त्या पोराले सांग, येत असला तर येऊ दे. मलेही पाहू दे कोण आहे तो."

अशा तऱ्हेने ज्या सहलीला कांचन ट्रेक म्हणायला तयार नव्हती, त्या सहलीला आम्ही तिघं निघालो: अनुप, मी आणि माझी आई. कांचन त्याच आठवड्यात दोन सॅकपैकी चांगली सॅक, चारही कानटोप्या आणि स्लीपिंग बॅग घेऊन हिमाचलला गेली. ती खिंड पार करून धडधाकट परत आली. बोट मात्र तिने आजतागायत दिलेलं नाही, आणि या गोष्टीला आता बारा वर्षं झाली आहेत.

आम्ही जनरलच्या डब्यातून इटारसी, तिथून पिपरिया, आणि मग जीपमधून पचमढी गाठली. धर्मशाळेत उतरलो. जेवणाचा खर्च आईच्या डब्याने वाचवला. प्रवासभर ती अनुपशी मोजकं बोलली. त्याने तिची पिशवी उचलली तेव्हा, "राहू दे बाबू," म्हणाली, पण सोडली.

महादेवाच्या डोंगराच्या, म्हणजे चौरागडाच्या, पायऱ्या सकाळी सुरू केल्या. मे महिना असला तरी सावली होती आणि खालून वारा येत होता. पायऱ्या उंच आणि वेड्यावाकड्या. सर्वांत आधी मी दमले. एका वळणावर श्वास घ्यायला टेकले, तर मागून एक म्हातारी आली, नऊवारी खोचलेली, खांद्यावर तिच्याहून उंच त्रिशूळ. नवस फेडायला यवतमाळकडून आली होती.

"काय वं पोरी, एवढ्यातच बसली?" ती म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढं, आजी."

"होतोच ना पुढं. मागं राहून काय भेटते?" आणि ती त्रिशूळ टेकत निघून गेली.

"ही आपल्याला नॉर्मल म्हणून चालली असती," अनुप म्हणाला. त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच मोकळे हसलो. आई आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर उभी होती. ती हसली नाही, पण थांबून राहिली, आणि आम्ही पोहोचल्यावर अनुपच्या शेजारून चालू लागली.

"तुझ्या घरी कोणाचं होतं रे?" तिने विचारलं.

"दोघांचं, काकू. आईचं पिवळं, बाबांचंही पिवळं."

"त्यांना कोणी सांगितलं नाही? लग्नाच्या वेळी?"

"तेव्हा तपासणीच नव्हती. कार्डं फार नंतर आली. माझं आणि मोठ्या बहिणीचं एकाच वर्षी झालं. तिचं लाल निघालं."

"आता कशी आहे?"

"नाही ती," अनुप म्हणाला. "मी अकरावीत होतो तेव्हा गेली. पावसाळ्यात तिचे सांधे इतके दुखायचे की आई तिला कडेवर घेऊन घरात फिरवायची. एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा."

एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. हे मला माहीत नव्हतं.

आई पुढच्या वळणापर्यंत चढली. मग तिने कमरेची पिशवी सोडली, गुळाच्या दशमीचा तुकडा मोडला आणि मोठा भाग त्याच्या हातावर ठेवला.

वर त्रिशुळांचं रान होतं. हजारो त्रिशूळ, जुने गंजलेले, नवे चकचकीत, एकमेकांना टेकवून उभे केलेले. वाऱ्याने त्यांच्यात बारीक किणकिण होत होती. यवतमाळची म्हातारी आपला त्रिशूळ कुठे ठेवावा म्हणून जागा शोधत होती. आईने दर्शन घेतलं आणि बाहेर येऊन कट्ट्यावर बसली. तिने महादेवाला विचारलं का, आणि त्याने काही सांगितलं का, ते मी विचारलं नाही. तिच्या एका बाजूला अनुप बसला, एका बाजूला मी. समोर सातपुड्याच्या निळ्या रांगा एकीमागे एक होत्या. सर्वांत मागची रांग आकाशातून वेगळी काढता येत नव्हती.

वर रेंज होती. माझा फोन वाजला. ढवस सरांचा निरोप होता, नागपूरचे दोन्ही अहवाल आले होते, त्यांनी आकडे पाठवले होते. मी ते मनात वाचले आणि फोन खाली केला.

"कोणाचं आहे?" आईने विचारलं.

"सरांचं. रक्ताचं."

"वाच."

"नंतर वाचू, आई. खाली गेल्यावर."

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. तिने माझ्याकडे नाही, अनुपकडे पाहिलं. "त्यालेही ऐकू दे. दोघांचंही वाच."

अनुपने मान हलवली. मी फोन वर धरला आणि वाचलं.

अनुप कोडापे, हिमोग्लोबिन एस सदतीस पूर्णांक चार टक्के. मृणाल पिंपळशेंडे, हिमोग्लोबिन एस अडतीस पूर्णांक एक टक्के.